संगणकाचे घड्याळ का चुकते आणि दुरुस्ती कुठून सुरू करावी

संगणकाचे घड्याळ चुकले आहे हे पुष्कळदा घड्याळाकडे पाहून कळतच नाही. बँकेचे संकेतस्थळ उघडताना ब्राउझर ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे सांगून अडतो, संगणकावरच्या ऑथेंटिकेटरने, म्हणजे लॉगिनसाठी सतत बदलते कोड देणाऱ्या ॲपने, दिलेला सहा आकडी कोड समोरून नाकारला जातो, कार्यालयाच्या नेटवर्कवर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही, किंवा ग्राहकाच्या हाती दिलेल्या बिलावर चार वर्षांपूर्वीची तारीख छापलेली निघते. या साऱ्या तक्रारींच्या मुळाशी वेळ असू शकते. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध’ अशी मुदत असते आणि ब्राउझर ती आपल्याच संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. ऑथेंटिकेटरचा कोड वेळेवरूनच काढलेला असतो आणि साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. मोठ्या कार्यालयांत ओळख पटवण्यासाठी वापरली जाणारी कर्बरॉस ही पद्धत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक सहसा चालवून घेत नाही.

अशा वेळी बहुतेक जण वेळ हाताने लावून मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा चुकते, पुन्हा लावले जाते आणि महिनोन्‌महिने हाच क्रम चालू राहतो. किंवा कोणीतरी ‘बोर्ड गेला’ असे सांगते आणि जे काम एका बटण सेलने भागले असते त्यासाठी नवा मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य बोर्ड, विकत घेतला जातो. माझे म्हणणे एवढेच आहे की, घड्याळाला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: घड्याळ नेमके किती चुकले आहे, आणि ते संगणक चालू असताना चुकते की बंद असताना. बिघाडाचे कारण बहुतेक वेळा या चुकीच्या आकड्यातच दडलेले असते, आणि घाईने वेळ दुरुस्त केली की हाती असलेला पुरावाच पुसला जातो.

एकाच संगणकात दोन घड्याळे

संगणकात एक नव्हे, दोन घड्याळे असतात, ही गोष्ट लक्षात आली की अर्धा गोंधळ संपतो. पहिले घड्याळ मदरबोर्डवर असते. त्याला रिअल टाइम क्लॉक किंवा थोडक्यात आरटीसी म्हणतात. संगणक पूर्ण बंद असला, प्लगही काढलेला असला, तरी हे घड्याळ एका लहान बटण सेलवर चालत राहते. त्याच्या पोटात क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या उगाच निवडलेली नाही. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. त्यामुळे साध्या इलेक्ट्रॉनिक मंडलाने ही संख्या १५ वेळा निम्मी करत नेली की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही याच जातीचा स्फटिक असतो.

वैयक्तिक संगणकांना ही सोय पहिल्यापासून नव्हती. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीमध्ये सेलवर चालणारे घड्याळ नव्हते. संगणक सुरू केला की डॉस ही त्या काळची कार्यप्रणाली तारीख आणि वेळ विचारत असे आणि वापरणाऱ्याला ती टाइप करावी लागे. १९८४ च्या पीसी-एटी या मॉडेलमध्ये मोटोरोलाची घड्याळाची चिप आली. त्या चिपमध्ये ६४ बाइट्सची चिमुकली स्मृती होती; त्यातले १४ बाइट घड्याळाच्या कामासाठी होते आणि उरलेल्या ५० बाइटांत संगणकाची प्राथमिक सेटिंग ठेवली जात. घड्याळ आणि सेटिंग एकाच सेलच्या आधारावर जगू लागली ती तेव्हापासून. म्हणूनच सेल संपला की बऱ्याच संगणकांत तारखेबरोबर बायोसची, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमची, सेटिंगही हरवतात, आणि सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘एफ १ दाबा’ असा संदेश येतो. या स्मृतीला सीमॉस म्हणतात; बाजारात या सेलला ‘सीमॉस सेल’ म्हणतात तेही त्यावरूनच.

दुसरे घड्याळ विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीच्या आत, म्हणजे केवळ सॉफ्टवेअरमध्ये असते. संगणक सुरू होताना कार्यप्रणाली आरटीसीकडून वेळ एकदा वाचून घेते आणि त्यानंतर स्वतःच्या हिशेबाने पुढे मोजत राहते. विंडोज साधारणपणे सेकंदाला ६४ वेळा आपले घड्याळ पुढे सरकवते. पडद्यावर दिसते ते हे दुसरे घड्याळ. संगणक चालू असेपर्यंत आरटीसी मनाला येईल ते दाखवत असले तरी पडद्यावरच्या वेळेला त्याचा फारसा उपद्रव होत नाही, आणि उलट पडद्यावरचे घड्याळ भरकटले तरी आरटीसी आपल्या गतीने बरोबर चाललेले असू शकते. घड्याळ संगणक बंद असताना चुकते की चालू असताना, हा प्रश्न सुरुवातीला विचारायचा तो याचसाठी. बंद असताना चुकले तर दोष आरटीसी किंवा त्याच्या सेलमध्ये शोधायचा, चालू असताना चुकले तर तो सॉफ्टवेअरमध्ये शोधायचा.

चुकीचा आकडा काय सांगतो

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर सेल बदलण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे आणि ती जागतिक समन्वित वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, ५ तास ३० मिनिटे पुढे असते. विंडोज आरटीसीमध्ये स्थानिक वेळ लिहून ठेवते. लिनक्स तिथे यूटीसी लिहिते. एकाच संगणकावर दोन्ही बसवलेली असतील तर दोघे एकाच वहीत दोन वेगळ्या हिशेबांनी नोंदी करत राहतात. लिनक्सवर काम करून संगणक बंद केला आणि नंतर दुपारी चार वाजता विंडोज सुरू केले, तर ते साडेदहा दाखवते. विंडोजनंतर लिनक्स सुरू केले तर घड्याळ साडेपाच तास पुढे गेलेले दिसते. यात काहीही बिघडलेले नसते. दोघांना एकाच पद्धतीवर आणणे एवढाच उपाय आहे. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने आरटीसी स्थानिक वेळेवर ठेवता येते, पण तसे केल्यावर लिनक्स स्वतःच ‘ही पद्धत पूर्णपणे समर्थित नाही’ असा इशारा देते. म्हणून मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे: विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत सेटिंगच्या कोठारात, ‘टाइमझोनइन्फर्मेशन’ या ठिकाणी ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाचे मूल्य १ करून विंडोजलाच यूटीसी वाचायला लावावे. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांना तर हाच मार्ग घ्यावा असे मी सांगेन, कारण तिथे वर्षातून दोनदा घड्याळे एक तासाने पुढेमागे होतात, आणि आरटीसीमध्ये स्थानिक वेळ असली की दोन्ही कार्यप्रणाली तो एक तास आपापल्या परीने बदलू पाहतात.

फरक साडेतेरा तासांचा, किंवा उन्हाळ्यात साडेबारा तासांचा असेल, तर टाइम झोन तपासावा. इंग्रजी-अमेरिका ही भाषा निवडून विंडोज नव्याने टाकले की ते बहुधा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ धरून चालते. आपल्याकडे सकाळचे दहा वाजलेले असताना तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ, आणि उन्हाळी वेळ लागू असेल तर साडेनऊ वाजलेले असतात. अनेकांची फसगत होते ती इथे. टाइम झोन तसाच ठेवून वेळ तेवढी हाताने पुढे ढकलली, तर पडद्यावर आकडे बरोबर दिसतात, पण आतली यूटीसी साडेतेरा तासांनी चुकीची होऊन बसते. मग पाठवलेल्या ईमेलवर उद्याची वेळ पडते, आणि रात्री कधीतरी इंटरनेटवरून वेळ जुळवली गेली की सकाळी घड्याळ पुन्हा ‘बिघडलेले’ दिसते. खरे तर त्या रात्री यूटीसी दुरुस्त झालेली असते. चुकलेला असतो तो टाइम झोन, आणि तो कोणी पाहिलेलाच नसतो. विंडोजच्या यादीत ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ हा पर्याय आणि लिनक्समध्ये ‘एशिया/कोलकाता’ हा पर्याय निवडला की प्रश्न मिटतो. टाइम झोन आपोआप ठरवण्याची सोय चालू असेल आणि व्हीपीएन (इंटरनेटची जोडणी दुसऱ्या ठिकाणाहून वळवून नेणारी सोय) वापरात असेल, तर ती सोय बंद करून झोन हाताने निवडणे बरे.

परदेशात फरक नेमका एक तासाचा असेल, तर कारण बहुतेक वेळा उन्हाळी वेळेचे जुने नियम हे असते. हे नियम त्या त्या देशांची सरकारे बदलत असतात. अमेरिकेने २००७ पासून उन्हाळी वेळ आधी सुरू करून उशिरा संपवायला सुरुवात केली, तेव्हा अपडेट न मिळालेले संगणक वर्षातले काही आठवडे एक तास चुकू लागले. इथे घड्याळ हाताने लावणे हा उपाय नव्हे. कार्यप्रणाली अद्ययावत करावी.

आता तासांच्या अशा ठरावीक आकड्यांत न बसणाऱ्या चुकांकडे येऊ. रात्री नऊ वाजता दुकान बंद करताना संगणक बंद केला आणि सकाळी दहाला सुरू केल्यावर घड्याळ रात्रीचे नऊच दाखवत असेल, तर सेल थकलेला आहे. सेलचा दाब एका मर्यादेखाली गेला की स्फटिकाचे कंपन थांबते, पण शेवटची नोंद काही काळ स्मृतीत टिकून राहते. म्हणून संगणक जितका वेळ बंद होता तितकेच घड्याळ मागे पडते. ही पहिली पायरी. सेल आणखी उतरला की नोंदही पुसली जाते, आणि मग तारीख थेट बायोस बनवणाऱ्यांनी ठरवून ठेवलेल्या जुन्या दिवसावर, बहुधा कुठल्यातरी गेलेल्या वर्षाच्या १ जानेवारीवर, जाऊन बसते. ही दुसरी पायरी. पहिल्या पायरीवर असताना सेल बदलला तर बायोसची सेटिंग हरवण्यापूर्वी ती लिहून घ्यायला सवड मिळते. म्हणून ‘अजून चालतंय ना’ असे म्हणत दुसऱ्या पायरीची वाट पाहणे शहाणपणाचे नाही.

घड्याळ दिवसाला एक-दोन सेकंद चुकत असेल, तर तो बिघाड समजू नये. संगणकातल्या साध्या स्फटिकाची अचूकता साधारण दशलक्षात २० भाग इतकी धरली जाते. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्या मानाने हा फरक दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास आणि महिन्याला ५० सेकंदांच्या घरात जातो. त्यात तापमानाची भर पडते. या जातीचे स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने चालतात आणि त्याहून गरम किंवा थंड झाले तरी दोन्ही बाजूंना मंदावतात. मंदावण्याचे प्रमाण तापमानातल्या फरकाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ४५ अंशांना ते दशलक्षात सुमारे १४ भाग, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदाच्या आत येते. विदर्भातल्या मे महिन्यात, पंखाही नसलेल्या खोलीतला संगणक हिवाळ्यापेक्षा थोडा मागे पडू लागला तर त्याचे कारण हे आहे. या हिशेबाचा उपयोग उलट दिशेनेही होतो. कोणी तंत्रज्ञ ‘उन्हाने घड्याळ रोज दहा मिनिटे मागे पडते’ असे सांगू लागला, तर ते खरे असू शकत नाही. दहा मिनिटांचा फरक पाडण्याची ताकद स्फटिकाच्या तापमानात नाही, त्यामुळे कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

चालू संगणकावरच घड्याळ तासाला काही मिनिटे मागे पडत असेल, तर प्रथम तो खरा संगणक आहे की एखाद्या सर्व्हरच्या पोटात चालणारे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक, आहे ते पाहावे. व्हर्च्युअल मशीनला ठोके मोजायला वेळेवर पाळी मिळाली नाही की ते ठोके चुकवते, आणि ते स्थगित करून पुन्हा सुरू केले की मधला सगळा काळ त्याच्या दृष्टीने घडलेलाच नसतो. व्हर्च्युअल मशीनसाठी मिळणारी पूरक साधने बसवून वेळ यजमान संगणकाकडून किंवा इंटरनेटवरून घेण्याची व्यवस्था करावी, मात्र दोन्ही एकदम चालू ठेवू नयेत, नाहीतर दोन दुरुस्त्या एकमेकींशी भांडत राहतात. खऱ्या संगणकावर हे घडत असेल तर बायोस अद्ययावत करणे आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम वाढवलेला असल्यास तो मूळ जागी आणणे, या दोन गोष्टी आधी कराव्यात.

एक विचित्र प्रकार मात्र वेगळा ओळखला पाहिजे. सेल चांगला, टाइम झोन बरोबर, आणि तरीही चालू विंडोज संगणकाचे घड्याळ अधूनमधून अचानक काही आठवडे किंवा महिने पुढेमागे उडी मारते. विंडोज १० पासून सुरक्षित जोडण्यांमधून वेळेचा अंदाज घेण्याची एक सोय आतच दिलेली आहे. जोडणी सुरू होताना समोरचा सर्व्हर जी माहिती पाठवतो, तिच्यातल्या वेळेच्या रकान्यावर ती विसंबते. परंतु आजचे पुष्कळ सर्व्हर सुरक्षेसाठी त्या रकान्यात खरी वेळ न घालता यादृच्छिक आकडा घालतात. असा त्रास होत असेल तर रजिस्ट्रीतले ‘युटिलाइझएसएसएलटाइमडेटा’ हे मूल्य शून्य करून ती सोय बंद करता येते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

सेल तपासणे आणि बदलणे

डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा सीआर २०३२ हा सेल असतो. या आकड्यातच त्याचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तो ३ व्होल्टचा लिथियम सेल असून त्याची क्षमता साधारण २२० मिलिॲम्पिअर-तास असते. घड्याळाला लागणारा प्रवाह काही मायक्रोॲम्पिअरच असतो. तो ५ मायक्रोॲम्पिअर धरला तर सेल ४४,००० तास, म्हणजे सुमारे पाच वर्षे पुरेल. प्रत्यक्षात तो कमीजास्त टिकतो आणि त्यात आपल्या सवयीचा मोठा वाटा असतो. संगणक बंद असला पण प्लगला वीज मिळत असली, तर पॉवर सप्लायकडून मदरबोर्डला थोडासा ५ व्होल्टचा पुरवठा चालूच राहतो आणि घड्याळ त्यावर चालते. सेल तेव्हा जवळपास विश्रांती घेत असतो. आपल्याकडे रात्री भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करण्याची पद्धत आहे, त्यामुळे सेलवर रोज दहा-बारा तासांचा भार पडतो. ही सवय मोडा असे मी म्हणणार नाही. वळवाच्या पावसात वीज कडाडत असताना प्लगमध्ये जोडलेला संगणक धोक्यात असतो आणि त्या मानाने सेल अगदी स्वस्त आहे. सेल लवकर का संपतो हे कळावे, म्हणून सांगितले.

मल्टिमीटर असेल तर तो २० व्होल्टच्या डीसी पट्ट्यावर ठेवून लाल टोक सेलच्या सपाट, अधिक चिन्ह असलेल्या पृष्ठावर आणि काळे टोक मागच्या बाजूला लावावे. नवा सेल ३ व्होल्टहून थोडा अधिक आकडा दाखवतो, २.७ किंवा त्याखाली आकडा आला तर सेल बदलावा. पण एक गोष्ट विसरू नये. लिथियम सेलचा दाब आयुष्याचा बराच काळ जवळपास सपाट राहतो आणि शेवटी एकदम घसरतो, शिवाय मल्टिमीटर सेलवर भार टाकत नाही. त्यामुळे २.९ आकडा पाहून ‘अजून पुष्कळ आयुष्य आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. लक्षणे पहिल्या पायरीची असतील आणि सेल पाच वर्षांचा झाला असेल, तर मीटर काहीही सांगो, सेल बदलावा.

बदलण्यापूर्वी बायोसमध्ये जाऊन सेटिंगचे मोबाइलने फोटो काढून ठेवावेत. यात सर्वांत महत्त्वाचे आहे ते हार्ड डिस्कच्या जोडणीची पद्धत एएचसीआय आहे की रेड, ते. सेल काढल्यावर ही पद्धत बदलली गेली तर विंडोज सुरूच होत नाही आणि लोकांना वाटते डिस्क गेली. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद करण्याची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी शोधून ठेवावी, कारण बायोसची सेटिंग बदललेली दिसली की संगणक ती की मागू शकतो आणि ती नसेल तर स्वतःचीच माहिती हाती लागत नाही. त्यानंतर संगणक बंद करून प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, आणि कॅबिनेट उघडून सेलला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते.

सेल ज्या गोल घरात बसलेला असतो त्याच्या कडेला धातूची एक छोटी जीभ असते. ती नखाने किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने बाहेरच्या बाजूला दाबली की सेलची एक कड आपोआप वर उचलली जाते. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने सेल खालून उचकटू नये; तो निसटला तर शेजारच्या बारीक तारांना ओरखडा पडतो, आणि तेव्हा खरोखरच बोर्ड जातो. नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवावा आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावा. जीभ सैल पडलेली असेल किंवा घरात हिरवट थर जमलेला असेल, तर नवा सेलही नीट जोडला जाणार नाही. कोकणासारख्या दमट हवेत हे पुष्कळदा पाहायला मिळते. लॅपटॉपमध्ये हाच सेल प्लॅस्टिकच्या वेष्टनात, दोन तारांच्या कनेक्टरसह असतो, आणि काही लॅपटॉपमध्ये तो वेगळा नसतोच. घड्याळ मुख्य बॅटरीवरच चालते. त्यामुळे लॅपटॉपची मुख्य बॅटरी बरेच दिवस पूर्ण उतरलेली राहिली आणि तारीख गेली, तर आधी ती भरून पाहावी.

जुना सेल टेबलावर पडू देऊ नये. लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. असे झाल्याचा नुसता संशय आला तरी मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा.

इंटरनेटवरून वेळ कशी येते

सेल कितीही चांगला असला तरी स्फटिक थोडा चुकणारच, म्हणून संगणक इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतो. यासाठीची एनटीपी ही पद्धत डेलावेअर विद्यापीठातले डेव्हिड मिल्स यांनी घडवली. तिचे पहिले प्रमाणित वर्णन १९८५ सालचे आहे. तिच्यातली युक्ती पाहण्यासारखी आहे. सर्व्हरला वेळ विचारली तर उत्तर यायला वेळ लागतो, आणि उत्तर येईपर्यंत ते शिळे झालेले असते. म्हणून प्रश्न आणि उत्तर निघण्याच्या व पोहोचण्याच्या अशा चार क्षणांची वेळ नोंदली जाते. समजा, आपल्या घड्याळात बरोबर १० वाजता प्रश्न निघाला. सर्व्हरला तो त्याच्या घड्याळाप्रमाणे १० वाजून ५.०४० सेकंदांनी मिळाला आणि त्याने ५.०४१ ला उत्तर पाठवले. आपल्याकडे ते आपल्या घड्याळाप्रमाणे १० वाजून ०.०८१ सेकंदाला पोहोचले. जाताना दिसणारा फरक ५.०४० आणि येताना दिसणारा ४.९६०. दोन्हींची सरासरी बरोबर ५ सेकंद, म्हणजे आपले घड्याळ ५ सेकंद मागे आहे, जाण्यायेण्याचा ०.०८० सेकंदाचा वेळ या सरासरीत आपोआप निघून जातो. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असे यात गृहीत असते, आणि घरगुती कामासाठी ते पुरेसे खरे असते.

भारतात प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे आणि तिचे एनटीपी सर्व्हर आहेत. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांना आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवायला सांगितले. एखाद्या सायबर हल्ल्याचा माग काढताना दहा सर्व्हरच्या नोंदी एकाच वेळेवर नसतील, तर आधी काय घडले आणि नंतर काय घडले हे ठरवताच येत नाही.

इंटरनेट चालू असूनही वेळ जुळत नसेल, तर कारणे थोडीच असतात. विंडोजमध्ये ‘विंडोज टाइम’ ही सेवा बंद केलेली असू शकते. कॉलेज किंवा कार्यालयाच्या नेटवर्कवर एनटीपीचे संदेश ज्या वाटेने जातात ते यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट अडवलेले असू शकते. त्याच संगणकाला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून वेळ जुळवून पाहिली आणि ती जुळली, तर दोष संगणकाचा नसून नेटवर्कचा आहे हे सिद्ध होते. कार्यालयाच्या डोमेनमधला, म्हणजे एका मध्यवर्ती सर्व्हरच्या व्यवस्थेखाली जोडलेला, संगणक वेळ इंटरनेटवरून नव्हे तर डोमेनच्या सर्व्हरकडून घेतो, त्यामुळे तिथे सगळ्यांचीच घड्याळे सारखी चुकत असतील तर एकेका संगणकाशी झटापट न करता त्या सर्व्हरचे घड्याळ पाहायला सांगावे.

पण सर्वांत जास्त लोक अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी. डोमेनबाहेरच्या विंडोज संगणकात आपोआप होणाऱ्या दुरुस्तीला मूळ सेटिंगप्रमाणे १५ तासांची मर्यादा असते. फरक त्याहून मोठा असेल, तर सर्व्हर चुकीची वेळ सांगत असावा असे धरून विंडोज ती नाकारते. सेल मेल्यामुळे तारीख काही वर्षे मागे गेली की नेमके हेच होते: इंटरनेट आहे, सेवा चालू आहे, आणि तरीही घड्याळ जागचे हलत नाही. अशा वेळी आधी तारीख आणि वेळ हाताने अंदाजे बरोबर लावावी आणि मग ‘आता जुळवा’ या अर्थाचे बटण दाबावे. लिनक्सवरच्या जुन्या एनटीपी सेवेतही असाच एक उंबरठा आहे. फरक १,००० सेकंदांहून अधिक असला की ती सेवा काम थांबवते, आणि छोटा फरक असला तर घड्याळ झटक्यात न बदलता त्याचा वेग दिवसाला जास्तीत जास्त ४३ सेकंदांच्या हिशेबाने किंचित कमीजास्त करत जुळवते. वेळ एकदम मागे सरकली तर नंतर लिहिलेली फाइल आधीची दिसू लागते आणि डेटाबेसच्या नोंदींचा क्रम बिघडतो, म्हणून ही सावधगिरी आहे.

रास्पबेरी पाय या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकावर प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे की, पाचव्या पिढीच्या आधीच्या मॉडेलांत आरटीसी नाहीच. तिथे इंटरनेट मिळेपर्यंत दिसणारी वेळ शेवटच्या बंद होण्याच्या सुमाराची असते, त्यामुळे हवामानाच्या नोंदी घेणारे यंत्र शेतावर, इंटरनेटविना बसवायचे असेल तर आरटीसीचा छोटा बोर्ड वेगळा जोडावाच लागतो.

दुरुस्ती झाली की ती तपासावीही. इंटरनेटवरची जुळवणी सेलचा दोष झाकून टाकते, कारण नेट जोडले की घड्याळ दोन मिनिटांत बरोबर होते आणि सेल मेलेलाच राहतो. म्हणून वेळ बरोबर लावल्यावर नेटवर्कची केबल काढावी, वाय-फाय बंद करावे, संगणक बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी विंडोज सुरू न करता थेट बायोसच्या पडद्यावर जावे आणि तिथली वेळ मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहावी. बायोसमध्ये यूटीसी ठेवलेली असेल तर साडेपाच तास मिळवावेत. फरक एक-दोन सेकंदांचा असेल तर सेल आणि आरटीसी दोन्ही ठीक आहेत. नवा सेल टाकूनही वेळ पुन्हा मागे पडलेली असेल तर सेलच्या घराची जीभ आणि जवळचा सीमॉस पुसण्याचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, पाहावा. तो चुकून पुसण्याच्या जागेवर राहिला असेल तर सेल काहीही टिकवू शकत नाही. हेही नीट असेल तर आरटीसीच खराब झालेले आहे, आणि एवढ्यासाठी मदरबोर्ड बदलण्याची गरज नाही: संगणक इंटरनेटला जोडलेला राहणार असेल तर विंडोज टाइम ही सेवा ‘स्वयंचलित’ करून, वर सांगितलेली १५ तासांची मर्यादा रजिस्ट्रीत वाढवून, प्रत्येक वेळी सुरू होताच वेळ जुळवण्याचे काम टास्क शेड्युलरला लावून द्यावे.